बावीस जपानी शॉर्ट फिल्म्स सालवार लावल्या तर लोक मोबाइल काढणारच

प्रश्न वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: नाशिकला एक छोटा फिल्म क्लब आहे, चाळीस-पन्नास लोक, कॉलेजची पोरं आणि काही रिटायर्ड काका-काकू. त्यांना जपानी अ‍ॅनिमेशनच्या शॉर्ट फिल्म्सचा शंभर वर्षांचा आढावा म्हणून एक कार्यक्रम करायचाय. यादी झाली बावीस फिल्म्सची, 1917 पासून सुरू, सालाप्रमाणे लावलेली. ट्रायल म्हणून आठ-दहा मित्रांना घरी दाखवली तर चौथ्या फिल्मला मोबाइल बाहेर. आता विचारताय की यादीतून काय काढू आणि काय घालू.

मी पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकवतो आणि गेली अठरा वर्षं असले शोज लावतोय, त्यामुळे तुमची चूक ओळखीची आहे कारण ती मी तीनदा केलीय. यादी चुकलेली नाहीये हो. यादी चांगली आहे, क्रम चुकलाय. सालवार लावलं की पहिला सगळा वेळ मूकपट, काळेपांढरे, ओरखडे पडलेले, त्यात आवाज नाही, आणि ज्याने आयुष्यात एकही जपानी मूकपट बघितलेला नाही त्याला आपण सलग चार दाखवतोय. पाचवी फिल्म कितीही भारी असली तरी तोपर्यंत माणूस मनाने घरी पोचलेला असतो. इतिहास सालाने घडतो हे खरंय, पण तो दाखवताना सालाने दाखवायलाच पाहिजे असं कोणी सांगितलंय?

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या आधीच सांगतो, म्हणजे नंतर भांडण नको. लहान मुलं येणार असतील तर खालच्यातल्या दोन फिल्म्स बाद. हॉलमध्ये पूर्ण अंधार होत नसेल तर एक फिल्म बाद, ती कुठली ते सांगतो. आणि तुमच्यात कोणी माइक हातात घेऊन न लाजता बोलणारं असेल तर निम्मं काम झालं.

मी काय करतो, तर सालाऐवजी मटेरियल धरतो. ही फिल्म कशाची बनलीय, कागदाची, सेलची (म्हणजे पारदर्शक शीटची), जिलेटिनची, बाहुल्यांची, पेन्सिलीची, आणि त्या माणसाने नेमकं तेच का घेतलं. जपानी शॉर्ट अ‍ॅनिमेशनची गोष्ट मला तरी यातूनच सगळ्यात सरळ कळली. 1920च्या दशकात अमेरिकेत सेल्युलॉइडच्या पारदर्शक शीटवर चित्रं काढायची पद्धत रुळली होती, जपानमध्ये मात्र सेल महाग, सहज मिळायचं नाही, स्टुडिओ म्हणजे दोन-चार माणसं. मग त्यांनी कागद कापला. मुराता यासुजी नावाच्या माणसाने कागदी कटआउट इतके सफाईने हलवले की बघताना सेल आहे असं वाटतं, आणि ओफुजी नोबुरोने तर चियोगामी म्हणजे छापील नक्षीचा रंगीत कागद घेऊन त्याचीच पात्रं केली. म्हणजे गरिबीतून आलेली गोष्ट स्टाइल झाली. हे एकदा प्रेक्षकाला कळलं की तो पुढच्या प्रत्येक फिल्मला आपोआप विचारतो, हे कशाचं केलंय? आणि एकदा तो विचारायला लागला की मोबाइल खिशात राहतो.

सुरुवात 1917 ने करू नका. तेझुका ओसामूची 'जंपिंग' लावा, 1984ची, सहा मिनिटं. एक कोणीतरी रस्त्यावरून उड्या मारत चाललंय, आपल्याला ते कोण हे दिसत नाही, फक्त त्याच्या डोळ्यांतून दिसतं. प्रत्येक उडी आधीपेक्षा उंच. रस्ता, मग झाडावरून, घरांवरून, शहरावरून, समुद्र, मग युद्ध चालू असलेल्या देशात जाऊन पडतं, आणि त्याच्याही खाली. एक शब्द नाही. आठ वर्षांच्या पोराला कळते आणि सत्तरीच्या काकांनाही कळते. पूर्ण फिल्म म्हणजे एकच सलग शॉट, कट नाही, म्हणजे प्रत्येक चित्रात पूर्ण बॅकग्राउंडसकट सगळं नव्याने काढायचं, आणि ही चित्रं जवळपास चार हजार आहेत. ज्या माणसाने टीव्हीसाठी कमीत कमी चित्रांत मालिका काढायची सवय अख्ख्या देशाला लावली त्यानेच स्वतःच्या हौसेसाठी हे केलं, हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कोणीतरी हसतं.

लोक खुर्चीत नीट बसले की मग 1917. 'नामाकुरा गाताना', म्हणजे बोथट तलवार, कोउची जुनइचीची, चार मिनिटं. आज बघायला मिळणाऱ्या जपानी अ‍ॅनिमेशन फिल्म्सपैकी सगळ्यात जुनी हीच मानली जाते. एक बावळट सामुराई दुकानातून तलवार घेतो, दुकानदाराने त्याच्या गळ्यात भंगार मारलंय हे त्याला माहीत नाही, मग धार बघायला रस्त्यावरच्या माणसांवर वार करायला जातो आणि त्यांच्याकडूनच मार खातो. एवढंच. 1923च्या कांतो भूकंपात आणि नंतरच्या आगीत तोक्योमधल्या फिल्म्स मोठ्या प्रमाणावर गेल्या, ही पण गेली असंच धरलं होतं, आणि मग ओसाकातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एका संग्राहकाला प्रिंट सापडली, 2008 मध्ये ती पुन्हा लोकांना दाखवली गेली. आपल्याकडे त्याच दशकात फाळक्यांनी काड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली होती, ती आज कुठे बघायला मिळत नाही. त्यामुळे ही चार मिनिटं बघताना मला जरा जळायला होतं, खोटं कशाला बोलू.

इथे तो माइकवाला माणूस लागतो. जपानमध्ये मूकपट मुका नसायचाच. पडद्याशेजारी बेन्शी उभा असायचा, तो सगळ्या पात्रांचे आवाज काढायचा, गोष्ट सांगायचा, मध्येच टोमणे मारायचा, आणि लोक नटापेक्षा बेन्शीचं नाव बघून तिकीट काढायचे. कुरोसावा अकिराचा मोठा भाऊ बेन्शी होता. बोलपट आले आणि ही सगळी माणसं घरी बसली. तर तुमच्या क्लबात कोणीतरी एकपात्री, कीर्तन, निवेदन असलं काही करणारं असेलच, त्याला फिल्म चार वेळा दाखवा आणि मराठीत जिवंत बोलायला लावा. आम्ही पहिल्यांदा तबला ठेवला होता. तबलजी चांगला होता पण तो प्रत्येक पावलाला काहीतरी वाजवायला लागला आणि चार मिनिटांत लोक दमले. दुसऱ्या वेळी नाटकातली एक मुलगी उभी केली, तिने सामुराईला आमच्या पेठेतला एक ठरावीक फुशारकीबाज काका करून टाकला. हॉल कोसळला.

मग लगेच तेझुकाचीच 'ओंबोरो फिल्म', 1985, साधारण साडेपाच मिनिटं. ही जुन्या मूकपटाची नक्कल आहे, काउबॉय, व्हिलन, बांधून ठेवलेली हिरॉइन, पण गंमत अशी की प्रिंटच खराब आहे आणि पात्रांना त्या खराबीशी लढावं लागतंय. पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस पडतो. फ्रेम घसरून अर्धी वर अर्धी खाली येते आणि हिरो त्या मधल्या रेषेशी झटापट करतो. हिरोशिमाचा आंतरराष्ट्रीय अ‍ॅनिमेशन महोत्सव 1985 ला सुरू झाला, त्याचं पहिलंच ग्रां प्री, म्हणजे सगळ्यात मोठं बक्षीस, हिला मिळालं. खरी जुनी प्रिंट बघून दोन मिनिटं झाल्यावर ही लावली की जोक शंभर टक्के लागतो, सालवार यादीत मात्र ती जवळपास सत्तर वर्षांनी येते आणि तोपर्यंत ओरखडे कोणाच्या लक्षात असतात. एक सूचना, ऑपरेटरला आधी सांगून ठेवा. आमच्या एका शोला ऑपरेटरने प्रिंट बिघडली समजून फिल्म बंद केली, लाइट लावले आणि माझ्याकडे बघून हात हलवले. लोकांना वाटलं हाही त्याचाच भाग आहे, टाळ्या पडल्या.

आता मुद्द्याची फिल्म. मासाओका केन्झोची 'कुमो तो चुरिप्पु', कोळी आणि ट्युलिप, 1943, सोळा मिनिटं. इथे जरा थांबा, घाई करू नका. गोष्ट लहान मुलांची, एक लेडीबर्ड मुलगी, एक कोळी तिला गाणं म्हणत आपल्या जाळ्याच्या झोपाळ्यावर बोलावतोय, ट्युलिप तिला पाकळ्यांच्या आत लपवतं, चिडलेला कोळी अख्खं फूल दोऱ्याने गुंडाळून टाकतो. आणि मग वादळ येतं. ते वादळ बघा. आधी थोडे थेंब, मग वारा, पानं उलटी होतात, पाणी नुसतं वरून खाली पडत नाही तर झोताने आडवं मारतं, आणि कोळी एका धाग्याला धरून लोंबकळतोय तो क्षणभर व्हिलन राहतच नाही, आपल्याला त्याची कीव येते. सेलवर केलेलं काम आहे, युद्धाच्या ऐन मध्यात, जेव्हा सगळंच तुटवड्यात होतं. त्याच वर्षी नौदलाच्या पाठिंब्याने पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याचं 'मोमोतारो नो उमीवाशी' हे 37 मिनिटांचं प्रचारपट छापाचं अ‍ॅनिमेशन आलं होतं. एकाच वर्षी, एकाच देशात, हे पण आणि ते पण. मी ते दुसरं दाखवत नाही, लांब आहे आणि त्याच्यावर बोलायला वेगळी संध्याकाळ लागते, पण त्याचं नाव घेतल्याशिवाय कोळी दाखवत नाही, नाहीतर 1943 म्हणजे नुसती फुलं आणि पाऊस होता असं वाटेल. अजून एक, कोळ्याचा काळा चेहरा आणि त्याची ती गवती हॅट यावरून कोणीतरी प्रश्न विचारेलच, त्या काळच्या अमेरिकन करमणुकीत गोरे लोक तोंड काळं करून नाचायचे त्याची सावली त्यात दिसते, हे सरळ सांगून टाका, लपवाछपवी करू नका.

त्याच्या मागे ओफुजीची 'कुजिरा', देवमासा, 1952. हाच तो चियोगामीवाला. 1927 ला त्याने हीच गोष्ट काळ्या सावल्यांमध्ये केली होती, पंचवीस वर्षांनी पुन्हा केली, आता रंगीत सेलोफेनमध्ये. आपण ज्याला जिलेटिन पेपर म्हणतो, गणपतीच्या मखरात बल्बवर गुंडाळायचो, तोच प्रकार. तो कापून काचेवर एकावर एक थर ठेवायचे आणि खालून उजेड सोडायचा. दोन निळे थर एकमेकांवर आले की समुद्र गडद होतो, एक सरकला की लाट उजळते. जहाज बुडतं, वाचलेले पुरुष एका बाईवरून भांडतात, देवमासा सगळ्यांना गिळतो. हे प्रकरण लहान मुलांचं नाही, म्हणून म्हटलं होतं दोन बाद, त्यातली ही एक. आणि अंधार नसेल तर हिचाच बळी जातो, कारण सगळी मजा उजेडाच्या आरपार जाण्यात आहे, खिडकीतून ऊन येत असलेल्या हॉलमध्ये ही नुसती मळकट दिसते. ही 1953 ला कान महोत्सवात दाखवली गेली. ओफुजी 1961 ला गेला आणि पुढच्या वर्षापासून त्याच्या नावाने पुरस्कार सुरू झाला, मायनिची वृत्तपत्राच्या चित्रपट पुरस्कारांत, आणि पहिला मिळाला तो तेझुकाला. माझ्या पोरांना हे सांगितलं की त्यांना एकदम कळतं की ही सगळी वेगवेगळी बेटं नाहीत.

इथे चहा. मनापासून सांगतो, चहा ठेवाच.

चहानंतर लोक गप्पा मारत आत येतात, त्यांना गप्प करायला कुरी योजीची 'आइ', म्हणजे प्रेम, 1963. चारेक मिनिटं. बाई पुरुषाच्या मागे लागलीय आणि साउंडट्रॅकवर नुसता 'आइ' हा एकच शब्द, कधी कुजबुजत, कधी ओरडत, संगीतकार ताकेमित्सु तोरूचं काम. 1960 ला कुरी आणि अजून दोघांनी मिळून तिघांचा एक ग्रुप काढला आणि तोक्योच्या सोगेत्सु सभागृहात स्वतःच्या फिल्म्स दाखवायला लागले, स्टुडिओ नाही, मुलांसाठी नाही, कोणाला काही शिकवायचं नाही. त्याच्याआधी पैसा बहुतेक शिक्षणखात्याचा नाहीतर लष्कराचा असायचा, त्यामुळे हा बदल मोठा आहे. पण या फिल्मवर जास्त बोलू नका, ती बोलण्याने मरते.

मग 'दोजोजी', कावामोतो किहाचिरो, 1976, एकोणीस मिनिटं, कार्यक्रमातली सगळ्यात लांब फिल्म. कावामोतो 1963 ला प्रागला गेला, ट्रन्का या चेक दिग्दर्शकाकडे बाहुल्यांचं अ‍ॅनिमेशन शिकायला, आणि तिथून परत येऊन तो आपल्याच नो (मुखवट्यांचं नाटक) आणि बुनराकूकडे (बाहुल्यांचं नाटक) वळला. गोष्ट जुनी आहे. तीर्थयात्रेला निघालेला तरुण भिक्षू, त्याच्यावर जीव जडलेली बाई, तो परत येतो म्हणून सांगतो आणि येत नाही, ती मागे धावते, धावता धावता तिचं नागिणीत रूपांतर होतं, तो देवळाच्या मोठ्या घंटेखाली लपतो आणि ती घंटेला वेटोळं घालते. बाहुलीचा चेहरा जवळजवळ हलतच नाही. पोरांना मी सांगतो, एकदा फक्त मान बघा. मान खाली झुकली की चेहऱ्यावर सावली येते आणि तीच बाई रडवेली दिसते, मान वर उचलली की तीच बाई रागावलेली. रंग तोच, चेहरा तोच. ही फिल्म संथ आहे आणि ट्रायलला तुमचे मित्र इथे गळाले असतील तर मला नवल नाही, पण चहानंतर, चार मिनिटांच्या धक्क्यानंतर ती चालते, सलग दीड तासानंतर चालत नाही. लहान मुलं असतील तर बाद होणारी दुसरी हीच.

यामामुरा कोजीची 'आतामायामा', 2002, दहा मिनिटं, ही दोजोजीनंतर लगेच हवी कारण आता हसायची गरज असते. रकुगोमधली, म्हणजे जपानच्या एकट्याने बसून विनोदी गोष्ट सांगायच्या कलेतली, जुनी गोष्ट आहे. एक महाकंजूष माणूस चेरीच्या बिया पण फेकवत नाहीत म्हणून खाऊन टाकतो, डोक्यावर चेरीचं झाड उगवतं, आणि बहर आल्यावर लोक तिथे चटया टाकून दारू प्यायला येतात. त्याच्या डोक्यावर! वैतागून तो झाड उपटतो, खड्डा पडतो, खड्ड्यात पावसाचं पाणी साठतं, तर लोक तिथे पोहायला. शेवट सांगत नाही. निवेदन शामिसेन हे तीन तारांचं वाद्य वाजवत, गात, मध्येच वेगवेगळे आवाज काढत केलंय आणि आपल्या माणसाला ते ऐकताना कीर्तनाची आठवण येतेच, जपानी कळत नसलं तरी. फक्त सबटायटल नीट वाचता येतील एवढी मोठी आहेत का ते मागच्या रांगेत बसून तपासा. फ्रान्समधल्या अ‍ॅनसी अ‍ॅनिमेशन महोत्सवात 2003 चं ग्रां प्री आणि ऑस्करचं नामांकन, हे ज्यांना पुरस्काराशिवाय पटत नाही त्यांच्यासाठी.

शेवटी काटो कुनियोची 'त्सुमिकी नो इए', 2008, बारा मिनिटं. पाणी चढतंय म्हणून एक म्हातारा घरावर घर बांधत वर वर चाललाय, एक दिवस त्याचा पाइप खाली पाण्यात पडतो आणि तो आणायला तो बुडी मारतो, एकेक मजला खाली, म्हणजे आयुष्यात एकेक टप्पा मागे. हिच्या दोन आवृत्त्या आहेत, एकीत निवेदन आहे, दुसरीत नाही. बिननिवेदनाचीच घ्या, प्लीज. निवेदनवालीत बाई जे सांगते ते आपल्याला दिसतच असतं.

तर नऊ फिल्म्स, साधारण 85 मिनिटं, चहा धरून पावणेदोन तास. उरलेल्या तेरांचं काय? मुराताची 'कोबुतोरी', 1929ची, गालावर आवाळू असलेल्या म्हाताऱ्याची, ती तुमच्या यादीत बघून बरं वाटलं, वेळ उरला तर कोळ्याच्या आधी घाला, कागद आणि सेल शेजारी शेजारी दिसतील. वादा आत्सुशीची 'ग्रेट रॅबिट' मला प्रचंड आवडते, 2012 ला बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल हा पुरस्कार मिळालाय तिला, पण पहिल्या कार्यक्रमाला नको, लोक बाहेर येऊन तुम्हाला तिचा अर्थ विचारतील. किनोशिता रेन्झोची 'पिकादोन' यादीतून काढाच. वाईट म्हणून नाही. हिरोशिमाच्या बॉम्बवर आहे, आणि तिच्यानंतर डोक्यावर चेरीचं झाड दाखवता येत नाही. ती एकटी दाखवा, ऑगस्टमध्ये, आणि नंतर काहीच दाखवू नका. 'मेमरीज' या तीन भागांच्या सिनेमातला ओतोमोचा तोफांचा तुकडा आणि 'फुयु नो हि' मधले तुकडे तुम्ही वेगळे काढून लावलेत, ते मला पटलं नाही. 'फुयु नो हि' तर बाशो या जुन्या कवीच्या काव्यसाखळीवर आहे, एका कडव्याला दुसरं कडवं उत्तर देतं आणि तसंच एका अ‍ॅनिमेटरला दुसरा, मधला एक तुकडा उचलला की साखळी कुठे राहिली. तो अख्खा बघायचा सिनेमा आहे, पुढच्या महिन्यात लावा.

आता मिळवायच्या कुठून. युद्धाआधीच्या फिल्म्ससाठी जपानच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाने 2017 ला, शंभर वर्षं झाली म्हणून, जुन्या अ‍ॅनिमेशनची वेबसाइट काढलीय, इंग्रजी सबटायटलसकट, तिथे घरबसल्या बघता येतात आणि नामाकुरा गातानाही तिथे आहे. कुठूनतरी कोणीतरी टाकलेली कॉपी घेऊ नका, मूकपट सेकंदाला सोळा-अठरा फ्रेमच्या हिशोबाने असतात आणि चोवीसने पळवले की माणसं मुंग्यांसारखी धावतात, मग लोक म्हणतात जुनं अ‍ॅनिमेशन असंच असतं. तसंच जुन्या फिल्म्स चौकोनी आहेत, हॉलचा प्रोजेक्टर त्यांना आपोआप ताणून रुंद करतो आणि सगळे जाडे दिसतात. हे सेटिंग आदल्या दिवशी जाऊन स्वतः बघा, 'होतं हो सगळं' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आणि घरी फुकट बघता येते म्हणजे हॉलमध्ये दाखवायची परवानगी मिळाली असं होत नाही. प्रत्येक फिल्मसाठी हक्क कोणाकडे आहेत ते शोधून साधी मेल टाका, आम्ही छोटा क्लब आहोत, तिकीट नाही, इतके लोक, ही तारीख. जपानी लोक उत्तर देतात, सावकाश देतात, पण देतात. मला एकदा सात आठवडे लागले होते आणि हॉलचं डिपॉझिट मी आधीच भरून बसलो होतो. तुम्ही मेल आधी टाका आणि हॉल नंतर बुक करा.